काळ्या वाळूवरचं पांढरं लाकूड

सुतारकामात वाकड्या लाकडाला किंमत नाही. आप्पांनी चाळीस वर्षं बेळगावच्या शहापुरात दारं, खिडक्या, पाळणे, देव्हारे केले. वखारीत गेले की एक डोळा मिटायचा, फळी डोळ्याशी धरायची आणि तिच्या कडेवरून नजर टाकायची. कड जराशी लहरली तर फळी बाजूला. गाठाळ लाकूड, पिळलेलं लाकूड, किडीनं पोखरलेलं लाकूड, सगळं जळणात. आणि त्यांची मुलगी, म्हणजे मी, शाळेत चित्रकला शिकवते आणि गेली सहा-सात वर्षं नेमकं असलंच लाकूड घरी आणते. समुद्रानं बाहेर टाकलेलं, घासून गुळगुळीत झालेलं, ज्यात कधी बगळा दिसतो, कधी हरणाचं तोंड.

दसऱ्याच्या सुट्टीत लेकीला घेऊन कारवारला जायचं ठरवलं तेव्हा आप्पा म्हणाले, "मी पण येतो. बघू तरी तिथं काय बघतीस ते." वय 74, गुडघे दुखतात, पण आले.

दिवस पहिला : शहापूर ते कारवार

सकाळी सातला निघालो. खानापूर 25-26 किलोमीटर, तिथं चहा. मलप्रभेच्या पुलावर गाडी जरा बाजूला घेतली. पावसाळा नुकता सरलेला, पाणी अजून तांबूस, आणि पुलाच्या खांबाला अडकून बसलेला काट्याकुट्यांचा, ओंडक्यांचा मोठा भारा. धाकटी विचारायला लागली, ही लाकडं कारवारला जाणार का? नाही जाणार, आणि का नाही हे तिला सांगताना मलाच पुन्हा नवल वाटलं. मलप्रभा याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागराला. म्हादईही याच तालुक्यातली, देगावची, पण ती गोव्यातून अरबी समुद्राला. खानापूरच्या जंगलात एखादी फांदी मोडली, तर ती डोंगराच्या कुठल्या अंगाला पडली यावर तिचा समुद्र ठरतो. आम्ही ज्या लाकडांच्या मागे चाललो होतो त्यांची नदी तिसरी, काळी. जोयडा तालुक्यातल्या डोंगरात उगवून कारवारला समुद्राला मिळणारी.

लोंढा, रामनगर, जगलबेट करत गणेशगुडी. इथं काळीवर सुपा धरण आहे, 101 मीटर उंच. जुनं सुपा गाव त्याच्या पाण्याखाली गेलं, माणसं रामनगरला वसवली. पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर दिसतात, असं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा जलाशय काठोकाठ होता. आप्पा बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते. "गावातली दारं-चौकटी लोकांनी काढून नेल्या असतील की गं?" एवढंच विचारलं. सुताराला बुडालेल्या गावात पहिल्यांदा चौकटी आठवतात, हे मला त्या दिवशी कळलं.

धरणानं आणखी एक होतं. वरच्या जंगलातले मोठे ओंडके भिंतीआड अडतात. सुप्याच्या खाली कोडसळ्ळीचं धरण आहे, कद्र्याचं आहे. त्यामुळे कारवारच्या किनाऱ्याला जे लागतं ते बहुतेक कद्र्याच्या खालच्या ओढ्या-नाल्यांतलं, खाडीतल्या खारफुटीचं, किनाऱ्यावरच्याच सुरूचं आणि नारळाचं, आणि समुद्रानं कुठून कुठून आणलेलं.

अणशी घाट उतरताना धुकं. कारवारला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बांगड्याची कढी, भात, झोप.

दिवस दुसरा : कारवारचा किनारा

पहाटे साडेपाचला बाहेर पडलो. लाकडं बघायला भरती ओसरल्यावर लगेच जावं. भरती जिथपर्यंत येऊन गेली तिथं काडीकचऱ्याची एक रेघ उमटते, आणि सगळा खजिना त्या रेघेत असतो. त्यातही मोठ्या लाटा ज्या उंचीपर्यंत चढल्या तिथली वरची, जुनी रेघ वेगळी. तिच्यातलं लाकूड आठवडेच्या आठवडे उन्हात पडलेलं असतं, म्हणून रुपेरी झालेलं. उन्हानं लाकडाचा तपकिरी अंश वरवर सुटतो, पाऊस तो धुऊन नेतो, आणि खाली राहतो तो चांदीसारखा करडा रंग. सुरूच्या झाडांच्या कडेनं ती रेघ धरून आम्ही काळीच्या मुखाकडे चालू लागलो.

आप्पांनी सुरुवातीलाच आपलं काम हातात घेतलं. काठीनं एकेक लाकूड उलटायचं आणि नाव सांगायचं. "हे सुरू. हे आंबा, काही कामाचं नाही. हे फणस बघ, पिवळं आहे अजून आत. ही बांबूची गड्डी." वासावरून, वजनावरून, नखानं खरवडून. मी म्हटलं, आप्पा, कसलं लाकूड ते सोडा, कशासारखं दिसतं ते सांगा. ते म्हणाले, "लाकडासारखं दिसतंय."

धाकटीला तसलं काही सांगावं लागत नाही. तिला अर्ध्या तासात एक घोरपड, एक चप्पल, दोन साप आणि एक रागावलेले मास्तर सापडले. मग ती ओरडत आली. तिच्या ओंजळीत मुठीएवढं लाकूड, एका अंगाला फुगीर, दुसरीकडे शेपटीसारखं वर वळलेलं, पुढे बारीक टोकदार चोच आणि चोचीच्या मागे बरोबर जागेवर एक गाठ. "आज्जा, बघा की! अंड्यावर बसलेली कोंबडी!"

खरोखर कोंबडी होती. पिसं फुगवून बसलेली. गाठीभोवती लाकडाचे वळसे असे गोल फिरले होते की डोळा मिटत आलाय असं वाटावं. गाठ म्हणजे जिथून फांदी फुटली होती ती जागा. तिथलं लाकूड कठीण असतं, भोवतालचं मऊ लाकूड वाळू घासून नेते आणि गाठ उठून राहते. म्हणून वाहून आलेल्या लाकडात डोळे इतके सापडतात. आणि डोळा सापडला की उरलेला प्राणी आपलं मन आपणच भरून काढतं. मी वर्गात मुलांना कागदावर नुसता एक ठिपका काढून देते आणि सांगते, हा डोळा आहे, पुढचं तुम्ही करा. चाळीस मुलं चाळीस जनावरं काढतात.

आप्पांनी कोंबडी हातात घेतली, फिरवली, परत दिली. "जांभूळ असंल," म्हणाले.

नदीच्या मुखाशी रांपणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, तयारी चालली होती. जाळ्याशी बसलेल्या एका मावशींनी माझ्या पिशवीकडे बघून विचारलं, "कित्याक गो व्हरता तें? चुलीक?" मी म्हटलं, नाही, घरात मांडायला. त्यांनी कोंबडी बघितली, हसल्या, आणि शेजारणीला दाखवली. तिला ती कोंबडी वाटली नाही, शिंपला वाटला. दोघींचा त्यावर थोडा वाद झाला.

चुलीचा विषय निघाला म्हणून सांगते, समुद्राचं लाकूड जाळू नये. त्यात मीठ मुरलेलं असतं, त्याचा धूर छातीला वाईट.

तिथंच आप्पांना एक फूटभर लांबीचा जड तुकडा मिळाला. बाहेरून टाचणीनं टोचल्यासारखी पाच-सात भोकं, बाकी ठीकठाक. त्यांनी तो दगडावर आपटला आणि तो मधोमध दुभंगला. आतून सगळा पोकळ. बोट जाईल एवढ्या जाड नळ्या, एकमेकींना न छेदता शेजारून शेजारून वळत गेलेल्या, आणि प्रत्येक नळीला आतून पांढरं अस्तर, खडूसारखं, नखानं निघणारं. आप्पांनी आयुष्यभर वाळवी पाहिली, भुंगा पाहिला, हे पाहिलं नव्हतं. मी सांगितलं, हा किडा नाहीच, हा तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, जातकुळीतला जीव. पिल्लू असताना टाचणीएवढ्या भोकातून आत शिरतो, आतच मोठा होतो, लाकूड पोखरत पुढे जातो आणि मागे कवचाच्या मालाचं अस्तर लावत जातो. लाकडी जहाजांचा हा जुना वैरी. त्याला खारं पाणी लागतं. म्हणजे हा तुकडा नुसता नदीतून आला नव्हता, बराच काळ खाऱ्या पाण्यात होता.

"स्वतःच्या भोकाला आतून गिलावा करतोय होय," आप्पा म्हणाले, आणि तो अर्धा तुकडा रुमालात बांधून खिशात ठेवला. त्यांनी गोळा केलेली ही पहिली वस्तू.

पुढे एक भलामोठा बुंधा मुळांसकट वाळूत रुतला होता, मुळं वर, जणू हात वर करून उभी असलेली माणसांची गर्दी. आम्ही त्याचे फोटो काढले, मी दोन रेखाटनं केली, आणि तो तिथंच सोडला. एक तर तो वाळू धरून ठेवतो, त्याच्या सावलीत खेकड्यांची बिळं होती. दुसरं म्हणजे 1927 च्या भारतीय वन कायद्यात वाहून आलेल्या, किनाऱ्याला लागलेल्या लाकडासाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. असं लाकूड दुसऱ्या कुणी हक्क सिद्ध करेपर्यंत सरकारचं मानलं जातं. म्हणून माझा नियम असा की मुठीत किंवा फार तर ओंजळीत मावेल तेवढंच घ्यायचं, इमारती कामाचं काही उचलायचं नाही, आणि अभयारण्याच्या हद्दीत तर काडीलाही हात लावायचा नाही.

दिवस तिसरा : माजाळी आणि तीळमाती

काळीवरचा पूल ओलांडून सदाशिवगड, तिथून माजाळी. गोव्याची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. माजाळीच्या टोकाला टेकडी आहे, ती चढून पलीकडे उतरलं की तीळमाती. आप्पांना चढ झेपला नसता. ते माजाळीला एका होडीशी थांबले. होडी आडवी घालून कुणीतरी फळ्यांच्या सांध्यात भर घालत होतं आणि आप्पांना तिथून हलायचंच नव्हतं.

तीळमातीची वाळू काळी आहे. काळ्या खडकाची झीज होऊन झालेली, तिळासारखी दाणेदार, म्हणून हे नाव. छोटासा किनारा, दोन्ही बाजूंना खडक, माणूस नाही. आणि त्या काळ्या वाळूवर पांढरं लाकूड.

मी तिथं पंधरा-वीस मिनिटं नुसती उभी राहिले. कारवारच्या किंवा माजाळीच्या पिवळट वाळूवर करडं लाकूड मिसळून जातं, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. इथं प्रत्येक काडी फळ्यावरच्या खडूच्या रेघेसारखी. कडा स्वच्छ. वीस पावलांवरून ओळखू येत होतं, तो धावणारा कुत्रा, ती ओणवी बाई, ते शेपूट उडवणारं वासरू. जवळ गेलं की त्यातलं निम्मं विरून जायचं, कुत्र्याचा पाय वेगळ्याच काडीचा निघायचा. तरी लांबून तो कुत्रा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एक लाकूड मात्र जवळून जास्त उजळलं. हातभर लांब, खारफुटीचं मूळ असावं. मधे कमरेत वाकलेलं, वरच्या टोकाला गोल बोंडी, आणि दोन उपमुळं पुढे येऊन खाली टेकलेली. मला त्यात पाट्यावर वाटण वाटणारी आई दिसली. दोन्ही हात वरवंट्यावर, भार खांद्यातून खाली, मान किंचित डावीकडे, कारण डावीकडे चूल असायची आणि तिकडे लक्ष ठेवावं लागायचं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. मी लेकीला विचारलं, तुला काय दिसतं? ती म्हणाली, "घसरगुंडी." मी काही बोलले नाही. तिनं आजीला कधी पाट्यावर बसलेलं पाहिलेलं नाही, तिला ती कुठून दिसणार?

नियम मोडून ते लाकूड मी घेतलं. ओंजळीत मावत नव्हतं.

परत टेकडी उतरून आलो तेव्हा आप्पा होडीच्या सावलीत बसले होते. मांडीवर एक वाकडी फांदी. त्यांनी ती उचलली, एक डोळा मिटला आणि कडेवरून नजर टाकली, जशी वखारीत टाकायचे तशीच. मग जरा फिरवली, पुन्हा नजर टाकली. पुन्हा फिरवली. आमच्याकडे लक्ष नव्हतं. मी शेजारी बसले तेव्हा फांदी माझ्या हातात देऊन म्हणाले, "उभी धरू नको. आडवी पण नको. अशी धर, आणि टोकाकडनं बघ."

मी डोळा मिटून टोकाकडून बघितलं. समोरून नुसती फांदी होती. टोकाकडून तिचे सगळे वळसे एकात एक मिटले आणि एक तोंड तयार झालं. बैलाचं, मान खाली घातलेलं, एक शिंग पुढे, एक मागे. नाकपुडीच्या जागी चीर सुद्धा होती.

सहा-सात वर्षं मी लाकडं गोळा करते. टोकाकडून कधी बघितलं नव्हतं. मी लाकूड चित्रासारखं समोर धरायची. आप्पांनी ते फळीसारखं धरलं, लहर शोधायला, आणि जी लहर दिसली की ते फळी टाकून द्यायचे त्याच लहरीत त्यांना बैल मिळाला. मग आम्ही पिशवीतली सगळी लाकडं काढून टोकाकडून बघितली. दोन हंस, एक उंट आणि एक नाव न देता येणारं पण फार सुंदर असं काहीतरी निघालं. आई टोकाकडून आई राहत नव्हती, म्हणून ते लाकूड मी आप्पांना सरळच धरून दाखवलं. काय दिसतं हे सांगितलं नाही.

त्यांनी ते बराच वेळ धरलं. "चुलीकडं बघतीया," म्हणाले, आणि पाणी मागितलं.

दिवस चौथा : पाऊस

देवबागला जायचं होतं, पण सकाळपासून पाऊस. खोलीतच बसलो. वर्तमानपत्रावर सगळी लाकडं मांडली आणि जुन्या टूथब्रशनं वाळू काढत बसलो.

त्या वेळी आप्पांना एक गोष्ट सांगितली. कारवारचा किनारा रवींद्रनाथ टागोरांच्या नावाचा आहे. त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ, आयसीएस झालेले पहिले भारतीय, इथं जिल्हा न्यायाधीश होते आणि तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले होते. पण मला त्याच घरातले अवनींद्रनाथ जास्त जवळचे वाटतात, रवींद्रनाथांचे पुतणे. एवढे मोठे चित्रकार, आणि उतारवयात वाळक्या फांद्या, मुळं, लाकडाचे टाकाऊ तुकडे जमवून त्यातले पक्षी-प्राणी शोधत बसायचे. फारसं काही करायचे नाहीत, इथं थोडं कापायचं, तिथं काही जोडायचं. त्या खेळण्यांना त्यांनी नाव दिलं होतं, कुटुम-काटाम.

आप्पांना हे पटलं नाही म्हणजे एवढंच पटलं नाही की थोडंसुद्धा का कापायचं. "कापायचं असंल तर गोकाकला जा की. तिथला कारागीर लाकडाचा आंबा करतोय, रंगासकट. तो आंबा तुलाबी आंबा, मलाबी आंबा. हिची कोंबडी त्या बाईला शिंपला वाटली. पटाशी लावली की कोंबडी पक्की होणार, मग शिंपला कुठनं दिसणार?"

मी कोंबडीची मान जरा घासून नीट करणार होते. पॉलिश पेपर पिशवीत परत ठेवला.

दिवस पाचवा : परत

अणशी घाटात एका वळणावर ब्रेक दाबावा लागला, मागच्या सीटवरची पिशवी खाली पडली आणि कोंबडीची चोच तुटली. धाकटी कद्र्यापासून जपत आलेली. तिनं जे रडं काढलं ते जोयडा येईपर्यंत थांबलं नाही. चोच सीटखाली शोधून आप्पांनी रुमालात बांधली. "घरी जाऊन बसवतो. सांधा दिसणार नाही," म्हणाले, आणि त्यांच्या हातचा कुठलाच सांधा खरंच दिसत नाही.

खानापूरला असोग्याला थांबलो, रामलिंगाचं दर्शन घेतलं आणि मलप्रभेच्या काठी खडकांवर डबा खाल्ला. तिथंही खडकांच्या खाचांत लाकूड अडकलेलं. पण नदीचं लाकूड वेगळं, अजून सालीसकट, वासाचं, काळपट. त्यातलं एक आप्पांनी फोडून बघितलं. आत पांढऱ्या नळ्या नव्हत्या.

घरी आल्यावर पुढचं काम सगळं पाण्याचं. लाकडं गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची, वर दगड ठेवायचा, रोज पाणी बदलायचं. पहिल्या दिवशीचं पाणी चाखून बघितलं तर खारट लागतं, चौथ्या-पाचव्या दिवशी लागत नाही. मग सावलीत वाळवायची. घाईनं उन्हात ठेवलं तर चिरतात. आईचं लाकूड मी आठ दिवस पाण्यात ठेवलं, पंधरा दिवस पडवीत वाळवलं आणि कपड्याच्या बोळ्यानं जवसाचं तेल अगदी हलकं लावलं. तेलानं रंग थोडा गडद झाला, खारफुटीचा तांबूसपणा वर आला. ते आता स्वयंपाकघरात आहे, पाट्याच्या जागी, जिथं हल्ली मिक्सर असतो त्याच्या डावीकडे. बैल आप्पांनी आपल्या खोलीत ठेवला आहे, खिडकीत, आणि तो असा ठेवलाय की खाटेवर उशीला डोकं टेकलं तरच दिसतो. बसलेल्याला नुसती फांदी.

कोंबडी वाळल्यावर एका संध्याकाळी आप्पांनी चष्मा लावला, रुमालातली चोच काढली, फेविकॉल घेतला आणि नातीला हाक मारली. ती आली. तिनं कोंबडी हातात घेतली, उलटी केली, आप्पांसारखा एक डोळा मिटला आणि टोकाकडून बघत राहिली.

"थांबा आज्जा," ती म्हणाली. "हे आता कासव आहे."

आप्पांनी तिच्या हातातून घेऊन बघितलं. मग फेविकॉलला टोपण लावलं.